भोटेकोशीसाठी माझी तयारी

मुलीला नदीवर जाऊ द्यायचं की नाही, हे घरात पाटावर बसूनही ठरवता येतं. बागमतीकाठच्या आमच्या पाटणमधले बहुतेक बाप तसंच ठरवतात आणि त्यांना कुणी हसत नाही. मी मात्र ते ठरवायला भोटेकोशी नदीत उतरलो. का उतरलो, हे आता माझं मलाही नीट सांगता येत नाही.

मी भूगोलाचा मास्तर. मेची, कोशी, गंडकी, कर्नाली, महाकाली, देशातल्या सगळ्या नद्या मी छडीच्या टोकानं शेकडो वेळा ओलांडल्या आहेत. एकदाही पाय ओला झालेला नाही. माझी मुलगी पलिस्था हिनं हा कोरडेपणा माझ्याकडून घेतलेला नाही. कॉलेज संपल्यावर ती शनिवारी-शनिवारी त्रिशूली नदीवर जायला लागली. आधी राफ्टमध्ये बसायची, मग वल्हं मारायला लागली, मग एक दिवस स्वतःची लाल कयाक, एका माणसाची लांबट होडी, घेऊन आली आणि ती आमच्या जिन्यात उभी केली. तेव्हापासून आम्ही घरात तिरके होऊन चढतो. इथवर ठीक होतं. पण तिहार, म्हणजे आमची दिवाळी, आटोपल्यावर एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "बा, कर्नालीच्या मोठ्या मोहिमेला मला बोलावलंय. पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी. पगारावर."

मी हातातला घास खाली ठेवला. कर्नालीचा उगम, तिची उतरण, तिच्या खोऱ्यातल्या दऱ्या, सगळं मी तिला तिथल्या तिथे शिकवलं आणि शेवटी म्हणालो, "ते पाणी चौथ्या-पाचव्या श्रेणीचं, सगळ्यात धोक्याचं आहे. पोरीबाळींचं काम नव्हे."

"तुम्ही कधी पाहिलीय कर्नाली?"

"रोज पाहतो. नववीच्या वर्गात."

"यांना बागमतीच्या पुलावर चक्कर येते," बायको वाढता वाढता म्हणाली. चंद्रशोभा मोजकंच बोलते, पण नेमकं तेव्हाच बोलते.

मग पलिस्थानं तो डाव टाकला. "बा, एकदा तुम्ही माझ्याबरोबर भोटेकोशीला चला. तयारी करा, आमची चाचणी पास व्हा, नदी बघा. त्यानंतर नाही म्हणालात तर मी कर्नालीचं नावही काढणार नाही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत असं काही होतं, की मी "ठीक आहे" म्हणून गेलो. पुरुषाची निम्मी संकटं याच दोन शब्दांतून येतात, बाकीची निम्मी मेहुण्यांकडून.

पलिस्थाच्या राफ्टिंग कंपनीचा मुख्य गाईड मनध्वज घले हा बुटका, रुंद आणि धबधब्याशेजारी जन्मल्यासारखा मोठ्यानं बोलणारा माणूस. त्यानं मला पुढून, बाजूनं न्याहाळलं आणि पोटाला बोट लावलं.

"सर, हे काय?"

"भात," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

"त्रिशूलीला भात चालतो. भोटेकोशीला नाही चालत. तिथं माणूस बाहेर पडला की त्याला स्वतःला स्वतः आत ओढावं लागतं. पोहता यायला हवं, दम हवा, दंडात जोर हवा. आणि डॉक्टरची चिठ्ठी. मग बसवतो. सर असलात म्हणून नाही बसवणार."

ही गोष्ट घरातल्या घरात ठेवायची असं आमचं ठरलं होतं. पण बायकोनं ती सकाळी नळावर शेजारच्या रत्नमाया दिदीला सांगितली, अगदी विश्वासानं, आणि दुपारपर्यंत आमच्या बहालातल्या सगळ्या खिडक्यांना मी नदीवर जाणार हे ठाऊक झालं. आमचा बहाल म्हणजे चारी बाजूंनी घरं, मधे फरसबंद चौक, चौकात चैत्य आणि चैत्यावर कबुतरं. तिथं शिंक आली तर चार मजल्यांवरून आशीर्वाद मिळतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे खालून शिटी वाजली. आमच्याच बहालातले सान्काजी, ज्यांना सगळे दाजू म्हणजे थोरले भाऊ म्हणतात, चौकात दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे होते. "सर! खाली या! मी दलात होतो, तुम्हाला तयार करणं माझं कर्तव्य आहे!"

दाजू दलात होते हे खरं. पोलीस दलाच्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवत. टुंडिखेलच्या परेड मैदानावर उन्हात तासन्‌तास उभं राहण्यापलीकडे त्यांनी लढाई पाहिलेली नव्हती. पण निवृत्तीनंतर त्यांच्या हाताखाली कुणी नव्हतं आणि मला नाही म्हणता येत नव्हतं. दोघांची गरज जुळली. ते मला दोन्ही हातांत पाण्याची घागर देऊन उठाबशा काढायला लावत. चैत्याभोवती पळवत. आम्ही प्रदक्षिणा उलटी घालतोय हे रत्नमाया दिदीनं वरून ओरडून सांगितलं, तेव्हा आदल्या सगळ्या फेऱ्या रद्द करून त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून पळवलं.

रत्नमाया दिदीचा भर खाण्यावर होता. "भाइ, तुझ्या हाडांत काही नाहीये," असं म्हणून ती रोज म्हशीच्या नळीचा रस्सा पाठवायची, आणि अंगाला लावायला लसूण घालून कढवलेलं मोहरीचं तेल. शाळेत माझ्या तासाला पुढचे बाक रिकामे पडायला लागले. शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या मॅडम म्हणाल्या, "आज कुणाच्या डब्यात लोणचं आहे हो?" मीही त्यांच्यासारखंच इकडेतिकडे पाहिलं.

मग ट्रकची ट्यूब आली. दिदीच्या मुलाचं गॅरेज आहे. बाहेर पडलेल्या माणसानं राफ्टमध्ये परत कसं चढायचं, याचा सराव व्हायला हवा असं दाजूंच्या डोक्यात आलं. ती भली मोठी ट्यूब फुगवून चौकात ठेवली आणि मी फरशीवर पालथा पडून, पाणी आहे असं समजून, तिच्यावर चढायला लागलो. चढता येईना. पोट अलीकडे राहायचं आणि हात पलीकडे. शेवटी दाजू एक गुडघा टेकून शेजारी बसले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "सर, इथं पाय द्या. मग खांद्यावर. हां! असं!"

मांडी, खांदा, ट्यूब. हे मला जमायला लागलं. इतकं जमलं, की पुढे डोळे मिटूनही जमायचं. वरच्या खिडक्यांतून टाळ्या पडायच्या. एकदा परदेशी पाहुण्यांचा घोळका चैत्य बघायला आला होता. त्यांचा गाईड थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिला आणि मग ही इथली फार जुनी प्रथा आहे असं त्यांना सांगून मोकळा झाला. त्यांनी फोटो काढले. एका बाईनं हात जोडले.

आता रजा. सहल शनिवार-रविवारची आणि आमच्याकडे सुट्टी फक्त शनिवारी, रविवारी शाळा भरते. किरकोळ रजा मी मच्छिंद्रनाथाच्या रथजत्रेत संपवून टाकली होती. हेडसर म्हणाले, "नदीसाठी रजा असा प्रकार नियमात नाही. तुम्ही आजारी पडा ना. डॉक्टरची चिठ्ठी आणा, विषय संपला."

मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, दाब पाहिला, जीभ पाहिली आणि "खडतर जलप्रवासास योग्य" अशी चिठ्ठी लिहून दिली. मी ती खिशात घातली, घसा खाकरला आणि म्हणालो, "आता आणखी एक हवी होती. त्याच तारखांची. अंथरुणातून उठण्यास अयोग्य अशी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हेराकाजी सर, आधी काय ते ठरवा तरी."

दोन चिठ्ठ्या घेऊन बाहेर पडताना मी चोरासारखा चाललो होतो. एक डाव्या खिशात, एक उजव्या. घरी येईपर्यंत कोणती कुठली हे विसरलो आणि मनध्वजला पहिल्यांदा अंथरुणवाली दिली. त्यानं ती वाचली, मोठ्यानं वाचली, बाकीच्या गाईडांना बोलावून पुन्हा वाचली. पलिस्था पलीकडे दोर गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही. तिचे कान मात्र लाल झाले होते.

पोहायला शिकलो तो तलाव म्हणजे माझ्या वर्गाचीच दुसरी शाखा होती. कर्नालीचं खोरं रेखाटता आलं नाही म्हणून ज्यांना मी बाकावर उभं केलं होतं, ती सगळी मंडळी तिथं माशासारखी फिरत होती. "सर, श्वास सोडा! सर, तोंड मिटा! सर, तो कठडा सोडा!" त्यांच्या आवाजात द्वेष नव्हता. द्वेष असता तर बरं झालं असतं.

चाचणी त्याच तलावात झाली. लाइफ जॅकेट घालून पलीकडे जायचं होतं. जॅकेटच्या जिवावर मी बुचासारखा तरंगत, कधी पोटावर, कधी पाठीवर, पण पलीकडे पोचलो. राफ्टमध्ये चढायची वेळ आली तेव्हा नशिबानं मी उथळ बाजूला होतो आणि तळाला पाय टेकला. मनध्वजनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बरं. झालात पास."

त्या संध्याकाळी दाजूंनी चौकात क्लॅरिनेट वाजवलं.

शनिवार शांत पाण्यात शिकण्यात गेला. रविवारी सकाळी आम्ही भोटेकोशीच्या वरच्या अंगाला पोचलो. ही नदी मी वर्गात "जलद वाहणारी" अशी शिकवत असे. तिला जवळून पाहिल्यावर एवढंच वाटलं, की इतकी वर्षं मुलांना आपण काही सांगितलंच नाही. ती वाहत नव्हती. ती दगडांवरून पडत, उठत, पुन्हा पडत चालली होती, आणि तिच्या आवाजात माझा "बापरे" मलाच ऐकू आला नाही.

राफ्टमध्ये माझ्या शेजारी हालिना नावाच्या म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, सगळे त्यांना आमा, म्हणजे आई, म्हणत. पोलंडच्या. केस पांढरेशुभ्र, अंगानं काटकुळ्या. आयुष्यभर शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. मीही मास्तर आहे असं कळल्यावर मला "प्रोफेसर" म्हणायला लागल्या. मी त्यांना हातवारे करून सांगितलं, की घाबरू नका, मी आहे. त्यांनी हसून माझा हात थोपटला. हे थोपटणं आठवलं की अजून माझी मान खाली जाते.

पलिस्था पुढे तिच्या लाल कयाकमध्ये होती. एका दगडाआड सहज थांबून ती मागे वळून आम्हाला बघत होती, रस्ता ओलांडताना आई मुलांकडे बघते तसं.

पहिले दोन उतार पार पडले. मनध्वज मागून ओरडायचा, "पुढे! जोरात! थांबा!" आणि आम्ही तसं करायचो. मला वाटायला लागलं, की यात तसं काही नाही. घरी गेल्यावर काय बोलायचं याची वाक्यंसुद्धा जुळायला लागली. तेवढ्यात मनध्वज ओरडला, "खाली बसा! धरा!" सगळे खाली बसले. मी, तो नक्की कुणाला म्हणतोय हे पाहायला, मागे वळलो.

राफ्ट खडकावर चढली, एका कुशीवर उभी राहिली आणि माझ्या बाजूनं रिकामी झाली. मी गेलो, आणि जाताना आधाराला जे हाताशी आलं ते घेऊन गेलो. त्या हालिना आमा होत्या.

पाणी इतकं गार होतं, की श्वास आत गेला तो बाहेर येईना. वर, खाली, पांढरं, काळं. नाक-तोंड भरलं. शिकवलं होतं की पाठीवर व्हा, पाय पुढे करा, तरंगा. ते सगळं डोक्याला शिकवलं होतं आणि डोकं त्या वेळी जागेवर नव्हतं. शरीराला एकच गोष्ट येत होती, दाजूंनी चौकात पक्की करून घेतलेली. समोर निळं हेल्मेट दिसलं. मी झडप घातली. मांडी. खांदा. वर!

वर आलो. स्वच्छ हवा मिळाली. आकाश दिसलं, दोन्ही बाजूंचे डोंगर दिसले, हालिना आमा मात्र दिसेनात. कारण त्या माझ्या खाली होत्या.

"बा! सोडा!"

पलिस्था बाणासारखी येऊन भिडली होती. मी सोडलं नाही. कळत होतं आणि सोडवत नव्हतं. हात माझे राहिले नव्हते.

"बा, सोडा त्यांना!" आणि तिनं वल्ह्याची कड माझ्या बोटांवर हाणली. बोटं सुटली नाहीत. तिनं पुन्हा हाणली, या वेळी जोर लावून.

सुटली. हालिना आमा खोकत वर आल्या, पलिस्थानं त्यांना कयाकच्या शेपटाकडचं कडं पकडायला लावलं आणि ती काठाकडे वळली. माझ्याकडे तिनं पाहिलं ते फक्त मी पाठीवर तरंगतोय ना, एवढं बघायला. मग माझी लेक माझ्याकडे पाठ करून, एका परक्या म्हातारीला घेऊन निघून गेली आणि मी एकटा भोटेकोशीबरोबर खाली चाललो. लहानपणी हिला ताप आला की मी रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरत असे. तेव्हा पाण्यात तेच आठवलं, आणि राग आला. खरंच राग आला. अशा वेळीसुद्धा माणूस कशाकशाचा हिशेब मांडतो बघा.

शेवटी मनध्वजनं काठावरून फेकलेली बचावाच्या दोराची पिशवी माझ्या नाकावर बसली आणि मी तिला मिठी मारली. मला काठावर पोत्यासारखं ओढून टाकलं. थोड्या वेळानं पलिस्था आली, गुडघ्यावर बसली, माझे डोळे पाहिले.

"नाव काय?"

"अगं, मी तुझा बाप."

"नाव विचारलं."

"हेराकाजी ताम्राकार."

"आज वार कोणता?"

"रविवार," मी म्हणालो. "मी आजारपणाच्या रजेवर आहे."

आजूबाजूचे गाईड हसले. ती हसली नाही. डोक्याला मार नाही असं मनध्वजला ओरडून सांगून ती हालिना आमांकडे परत गेली. त्यांचा ओठ फुटला होता आणि एक खांदा त्यांना वर उचलता येत नव्हता. उरलेला प्रवास मी बसमधून केला, भांड्यांच्या आणि बटाट्यांच्या शेजारी बसून. कुणी मला तसं सांगितलं नाही. मीच जाऊन बसलो.

खालच्या मुक्कामाला वाळूवर दाल-भात मांडला होता. मी सगळ्यांच्या शेवटी, एका दगडामागे पान घेऊन बसलो. तिथं हालिना आमा आल्या, एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात त्यांच्या वाटणीचं उकडलेलं अंडं. ते त्यांनी माझ्या पानात ठेवलं आणि काहीतरी बोलल्या. मला समजलं नाही म्हणून मनध्वजनं लांबून, साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सर! त्या म्हणतात, तुमच्या पायांत भलताच जोर आहे!"

ते अंडं मी खाल्लं. नको म्हणायचीही माझी लायकी उरली नव्हती. मी त्यांच्या पुढ्यात दोन्ही हात जोडले, तर त्यांनी सकाळसारखाच माझा हात थोपटला. सकाळपेक्षा जरा सावधपणे.

घरी पोचलो तर बहालाच्या दारात सगळे उभे. क्लॅरिनेट वाजत होतं. रत्नमाया दिदीनं सगुनाचं, म्हणजे शुभशकुनाचं ताट आणलं होतं. अंडं, सुकी मासळी, मातीच्या वाटीत घरची दारू. गळ्यात झेंडूची माळ पडली. सुजलेली बोटं मी माळेखाली लपवली. दाजूंचे डोळे पाणावले होते. "सर, एवढंच सांगा. आपला सराव कामी आला की नाही?"

"आला, दाजू," मी म्हणालो. "अगदी जसाच्या तसा."

पलिस्था माझ्या शेजारीच उभी होती. तिला सगळं सांगता आलं असतं. ती कयाक डोक्यावर घेऊन जिना चढून गेली. मला तिचं हे गप्प राहणं वल्ह्याच्या फटक्यांपेक्षा जास्त लागलं.

बायकोला मी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. ती हसेल म्हणून मी आधीच भिंतीकडे तोंड केलं होतं. ती म्हणाली, "त्या बाईंना फार लागलंय का?" आणि मग, "उद्या जाऊन या त्यांच्याकडे. लाखामरी मिठाई घेऊन जा."

मी वर गेलो. पलिस्था गच्चीत ओलं सामान वाळत घालत होती.

"बा, ठरलं होतं तसं तुम्ही चाचणी पास झालात, नदीही पाहिलीत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आता सांगा. कर्नालीला जाऊ की नको?"

उत्तराऐवजी माझ्या तोंडून भलतंच गेलं. "तू आधी त्यांना नेलंस."

"हो."

"मी तुझा बाप आहे, पोरी. मी बुडत होतो."

ती वळली. आवाज अगदी साधा होता, चाचणीत विचारावा तसा. "तुम्ही बुडत नव्हता, बा. तुम्ही बुडवत होता."

मी गच्चीच्या कठड्याला टेकलो. खाली चौकात ती ट्यूब पडलेली दिसत होती, तिच्यावर कबुतरं बसली होती. मग ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, माझा हात ओढून घेतला आणि बोटांची सूज बघायला लागली. एकेक बोट वाकवून पाहिलं. "मोडलेलं नाही," म्हणाली. मग माझा हात तसाच धरून म्हणाली, "मी आणखी जोरात मारणार होते, बा. तुम्ही सोडलं नसतं तर मी डोक्यात मारणार होते."

"मारायला हवं होतं," मी म्हणालो. तेवढं एकच वाक्य त्या दोन दिवसांत मी शहाण्यासारखं बोललो असेन.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हालिना आमा उतरल्या होत्या तिथं मी लाखामरी घेऊन गेलो. त्यांनी चहा दिला, डाव्या हातानं मिठाईचा खोका उघडून अर्धा तुकडा मला दिला आणि मला एक पोलिश गाणं शिकवायचा प्रयत्न केला. तेही जमलं नाही.

पुढच्या शनिवारी दाजू पुन्हा शिटी घेऊन चौकात आले. खिडक्यांत सगळे होतेच. मला ती माळ आठवत होती, त्यामुळे मी चैत्याच्या पायरीवर बसलो आणि जे झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मांडी, खांदा, म्हातारी, सगळं. वरून कुणी टाळी वाजवली नाही. दाजूंनी आपल्या मांडीकडे पाहिलं, शिटी गळ्यातून काढली आणि ती पँटच्या खिशात ठेवली.

शेवटी रत्नमाया दिदीच वरून म्हणाली, "बरं, झालं ते झालं, भाइ. पण पोरीचं काय ठरलं? कर्नालीला जायची परवानगी देणार का?"

"तिला माझ्या परवानगीची गरज नाही, दिदी. ती जाणार आहे."

"आणि तू?"

"मी विचारलं तिला," मी म्हणालो. "म्हटलं, मलाही ने. सामानाच्या राफ्टमध्ये बसेन, भाजी चिरेन, कुणाला हात लावणार नाही."

"मग?"

"नाही म्हणाली."

(समाप्त)